करार शिकवताना

व्यापारी कायदा शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांची एक जुनी सवय आहे. पहिल्याच तासाला आम्ही फळ्यावर १८७२ हा आकडा लिहितो, कराराच्या कायद्याचे दहावे कलम सांगतो आणि विद्यार्थ्यांकडून कराराची लक्षणे घोकून घेतो: पात्र पक्ष, मुक्त संमती, कायदेशीर मोबदला, कायदेशीर उद्देश. विद्यार्थी ती लिहून घेतात, परीक्षेत उतरवतात आणि विसरतात. दोष त्यांचा नाही. ज्या शब्दांपायी माणसांची घरेदारे गेली, ते शब्द आम्ही त्यांच्या हाती माणसांवाचून दिले. ही उणीव थोडी भरून काढावी म्हणून आज आपण त्यांतला ‘मुक्त संमती’ एवढा एकच शब्द घेऊ आणि त्याचा इतिहास पाहू.

कराराच्या कायद्याचा पहिला मसुदा लंडनमध्ये तयार झाला. १८६१ साली नेमलेल्या कायदा आयोगाने तो १८६६ साली सादर केला. पुढे फिट्झजेम्स स्टीफन हे कायदेमंत्री असताना त्याला अखेरचे रूप मिळाले आणि १ सप्टेंबर १८७२ पासून तो अंमलात आला. मालाची विक्री आणि भागीदारी हे विषयही तेव्हा त्याच्याच पोटात होते. ते अनुक्रमे १९३० व १९३२ साली वेगळे झाले. या कायद्याचा एक विशेष असा की, कलमांखाली उदाहरणे दिलेली आहेत. त्यांत माणसांना नावे नाहीत. फक्त ‘अ’ आणि ‘ब’ आहेत.

पंचविसाव्या कलमाखालील एक उदाहरण वर्गात नेहमी हशा पिकवते. ‘अ’ आपला हजार रुपयांचा घोडा ‘ब’ला दहा रुपयांस विकण्याचे कबूल करतो. त्याची संमती मुक्त असेल, तर करार पक्का! मोबदला कमी म्हणून कायदा आड येत नाही. लगेच पुढच्या उदाहरणात सांगितले आहे की, संमती मुक्त नव्हती असे ‘अ’ म्हणू लागला, तर एवढा कमी मोबदला का घेतला, हे कोर्टाने विचारात घ्यावे. कायद्याचा तराजू येथपर्यंत सरळ दिसतो. पण हजाराचा घोडा दहा रुपयांस देणारा माणूस कोण, आणि त्याच्यावर ती पाळी का आली, हे उदाहरण सांगत नाही.

ते सांगायला फार दूर जावे लागत नाही. कायदा अंमलात आल्याला तीन वर्षेही झाली नव्हती, तोच १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या गर्दीतून दंगा उसळला. तो पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. लोकांचा रोख सावकारांच्या जिवावर फारसा नव्हता. त्यांच्या दप्तरांवर होता. खते द्या, एवढीच मागणी. मिळाली ती खते जाळली.

कागदावर एवढा राग का, हे आम्ही फळ्यावर हिशेब मांडून दाखवतो. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात आपला कापूस महागला होता. युद्ध संपल्यावर भाव कोसळले. सारा मात्र रोख भरायचा होता. व्याजावरची कायद्याची मर्यादा १८५५ सालीच उठली होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरील फिर्यादीला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू रयतेच्या हिताचा होता, परिणाम उलटा झाला. मुदत संपत आली की सावकार नवे खत लिहून घेई, आणि थकलेले व्याज त्यात मुद्दल होऊन बसे. शंभर रुपयांचे कर्ज, दरमहा शेकडा दोन रुपये व्याज, असे धरू. तीन वर्षांनी नवे खत १७२ रुपयांचे. सहा वर्षांनी जवळजवळ २९६ रुपयांचे. हातात रोकड मिळाली ती पहिलीच शंभर. व्याज मुद्दलापेक्षा जास्त नको, हा दामदुपटीचा जुना नियमही अशा खतापुढे लुळा पडे. प्रत्येक खतावर रयतेचा अंगठा होता. कोर्टाच्या दृष्टीने संमती मिळालेली होती!

या दंग्याची चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा आला. त्यात कोर्टाला सांगितले गेले की, खतावर थांबू नका. व्यवहार कोठून सुरू झाला तेथपर्यंत मागे जा आणि मुद्दल व व्याज यांचा हिशेब निराळा करा. पुढे १८९९ साली कराराच्या कायद्याचे सोळावे कलम, म्हणजे गैरवाजवी प्रभावाचे कलम, नव्याने लिहिले गेले. त्याखालील एका उदाहरणात ‘अ’ हा ‘ब’चा देणेकरी आहे आणि ‘ब’ हा त्याच्या गावचा सावकार आहे. ‘अ’ पुन्हा कर्ज काढतो. अटी उघड उघड जुलमी दिसतात. अशा वेळी आपण दडपण आणले नाही, हे सिद्ध करण्याचा भार ‘ब’वर आहे. सावकार साऱ्या हिंदुस्थानात होता, तेव्हा हे उदाहरण केवळ आपल्या रयतेसाठी लिहिले असे आम्ही म्हणत नाही. पण मराठी मुलुखातल्या मुलाने ते वाचावे आणि त्याला सुपे आठवू नये, हे आम्हाला शिकवण्यातले अपयश वाटते.

एवढे सांगून झाल्यावर दहाव्या कलमाकडे परत गेले की वर्ग बदललेला असतो. मुले विचारू लागतात. नोकरीच्या नेमणूकपत्रातली अट मान्य नसेल तर? येथे आम्ही त्यांना १९८६ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल सांगतो. एका सरकारी जलवाहतूक कंपनीने कायम अधिकाऱ्याला कारण न देता, तीन महिन्यांच्या नोटिशीवर काढण्याचा अधिकार आपल्या नियमांत ठेवला होता. जेथे एका बाजूला निवडीला वाव नाही तेथे असली अन्यायी अट टिकणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. मग कोणी मोबाइल पुढे करतो. त्यावर कर्जाच्या अटी असतात, खाली ‘मान्य आहे’ अशी चौकट असते आणि ती न वाचता दाबलेली असते. अंगठा तोच, श्रोतेहो. फक्त शाई गेली.

कायदा सर्वांना वकील करण्यासाठी शिकवायचा नसतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण दुकानात, बँकेत, कारखान्यात जातील. त्यांतले काही जण कागद लिहून घेणाऱ्यांच्या बाजूला बसतील, काही सही करणाऱ्यांच्या. पहिल्यांना ‘अ’चा चेहरा दिसावा आणि दुसऱ्यांनी सहीपूर्वी कागद वाचावा, एवढे साधले तर फळ्यावरचा १८७२ हा आकडा कारणी लागला, असे आम्ही समजू.