आडनावात राहिलेलं गाव

आमच्या न्हावा शेवाचं बंदर १९८९ साली सुरू झालं. या किनाऱ्यावरची बहुतेक बेने इस्रायल कुटुंबं त्याआधीच देश सोडून गेली होती. नवगावजवळ गलबत फुटलं आणि आपले पूर्वज इथे लागले, असं ते सांगत आले. गावोगाव त्यांचे तेलाचे घाणे होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. आडनावंही इथलीच: पेणकर, रोहेकर, नवगावकर.

इथे शनिवारची सुट्टी हीच ओळख पुरली. इस्रायलमध्ये मात्र १९६२ साली धर्मपीठाने फर्मान काढलं, यांची लग्नं इतर यहुद्यांशी लावण्याआधी वंशावळ तपासा! १९६४मध्ये ही माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, तेव्हा कुठे संसदेने त्यांना पूर्ण यहुदी म्हटलं.

माझी मैत्रीण लोदला असते. त्या काळात आपलं लग्न कसं अडलं होतं, हे तिच्या आजीने फॅमिली ग्रुपवर व्हॉइस नोटमध्ये सांगितलं, मराठीत. नातवंडांनी हिब्रूत हार्ट टाकले. मैत्रिणीने ती नोट मला फॉरवर्ड केली, खाली लिहिलं: 'अडलं म्हणजे नेमकं काय गं? रद्द झालं, की थांबलं?'