शोथरोधी वेदनाशामके : संधिशोथातील उपयोगाचा इतिहास

सांध्यांच्या शोथामुळे (दाहयुक्त सुजेमुळे) होणारी वेदना व ताठरपणा कमी करणाऱ्या, परंतु स्टेरॉइड वर्गात न मोडणाऱ्या औषधांना शोथरोधी वेदनाशामके म्हणतात. ॲस्पिरीन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही त्यांतील परिचित औषधे होत. त्यांच्यामुळे लक्षणे सौम्य होतात; परंतु मूळ विकार बरा होत नाही. त्यांचे लाभ व अपाय बव्हंशी एकाच क्रियेतून उद्‌भवतात, ही गोष्ट दीर्घ अनुभवानंतर स्पष्ट झाली.

सॅलिसिलेटे : वाळुंजाच्या जातीच्या (विलो) वृक्षाच्या सालीचे चूर्ण थंडी वाजून येणाऱ्या तापावर गुणकारी असल्याचे एडवर्ड स्टोन या इंग्लिश धर्मोपदेशकांनी १७६३ मध्ये रॉयल सोसायटीस कळविले. या सालीतील सॅलिसिन हे द्रव्य १८२८ मध्ये म्यूनिक येथे योहान बूखनर यांनी वेगळे केले. स्कॉटलंडमधील डंडी येथील वैद्य टॉमस मॅक्लॅगन यांनी तीव्र संधिज्वराच्या रोग्यांना सॅलिसिन देऊन आपले निष्कर्ष १८७६ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या दमट भूमीत रोग उद्‌भवतो तेथेच त्याचे औषधही उगवत असावे, अशी त्यांची धारणा होती. ही धारणा निराधार होती. पण रोग्यांचा ताप व सांधेदुखी मात्र खरोखरच कमी झाली. त्याच वर्षी बर्लिन येथे सॅलिसिलिक अम्लाचा असाच गुण दिसून आला आणि १८७७ मध्ये पॅरिस येथील झेर्मां से यांनी चिरकारी सांधेदुखी व गाऊट या विकारांतही सॅलिसिलेटांचा पुरस्कार केला. या औषधांमुळे जठराचा क्षोभ होई. १८९७ मध्ये फेलिक्स होफमान यांनी बायर कंपनीत शुद्ध ॲसिटिल सॅलिसिलिक अम्ल तयार केले व १८९९ मध्ये ते ‘ॲस्पिरीन’ या नावाने विक्रीस आले. संधिशोथात त्याच्या मोठ्या मात्रा द्याव्या लागत. कानांत गुंजारव होऊ लागला म्हणजे मात्रेची मर्यादा गाठली, असे वैद्य समजत. ॲस्पिरिनामुळे जठराच्या श्लेष्मकलेस प्रत्यक्ष इजा होते, हे १९३८ मध्ये जठरदर्शकाच्या साहाय्याने इंग्लंडमध्ये दिसून आले.

नवी औषधे : १९४९ मध्ये आलेले फिनिलब्युटाझोन प्रभावी होते, परंतु त्यामुळे काही रोग्यांत रक्तकोशिकानिर्मितीवर घातक परिणाम झाल्याने त्याचा वापर मर्यादित करावा लागला. इंडोमेथॅसीन १९६० नंतरच्या दशकात प्रचारात आले. स्ट्यूअर्ट ॲडम्स व जॉन निकल्सन यांनी शोधलेले आयब्युप्रोफेन १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये, तर डायक्लोफिनॅक १९७४ मध्ये जपानमध्ये उपलब्ध झाले.

क्रियेचा उलगडा : ही औषधे सायक्लोऑक्सिजनेज या एंझाइमास रोखून प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती कमी करतात, असे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. या कार्याबद्दल त्यांना १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचा अंश मिळाला. प्रोस्टाग्लँडिने शोथ व वेदना वाढवितात, त्याचप्रमाणे जठराच्या श्लेष्मकलेचे रक्षण करतात व वृक्कांचा रक्तपुरवठा राखतात. त्यामुळे वेदना शमविणारी क्रियाच जठरव्रण, रक्तस्राव व वृक्कविकार यांस कारणीभूत ठरते.

१९९० नंतर या एंझाइमाचे दोन प्रकार ज्ञात झाले. शोथात वाढणारा दुसरा प्रकार तेवढाच रोखल्यास जठर सुरक्षित राहील, या अपेक्षेने सेलेकॉक्सिब व रोफेकॉक्सिब ही औषधे तयार झाली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सु. ८,००० रोग्यांच्या चाचणीत नॅप्रोक्सेनच्या तुलनेने रोफेकॉक्सिबमुळे जठरांत्राचे गंभीर विकार निम्म्याहून कमी झाले. हृद्‌रोगाचे झटके मात्र अधिक आढळले. पुढील चाचणीत हा धोका स्पष्ट होताच सप्टेंबर २००४ मध्ये ते औषध जगभरातून मागे घेण्यात आले व डिसेंबर २००४ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. हृदयाचा हा धोका त्या एका औषधापुरता मर्यादित नसून या वर्गातील इतर औषधांतही तो कमीअधिक प्रमाणात संभवतो, हे नंतर दिसून आले.

सद्यःस्थिती : संधिवाताभ संधिशोथात सांध्यांची झीज रोखण्याचे कार्य मेथोट्रेक्सेटासारखी औषधे करतात, वेदनाशामकांचे स्थान साहाय्यक असते. गुडघ्याच्या अस्थिसंधिशोथात प्रथम वरून लावण्याचे औषध व व्यायाम यांवर भर देतात. पोटात घेण्याचे औषध कमीत कमी परिणामकारक मात्रेत व अल्पकाळ देणे इष्ट ठरते. वृद्ध व्यक्ती तसेच जठरव्रण, हृद्‌रोग वा वृक्कविकार असलेले रोगी यांनी ही औषधे वैद्यकीय सल्ल्याविना घेणे धोक्याचे असते. कारण वेदना थांबली तरी अपाय नकळत चालू राहू शकतो.