दारुड्यांचे चित्र, दारूच्याच भांड्यावर

अठराव्या शतकात चीनमधून युरोपात जाणाऱ्या चिनी मातीच्या मालात ‘पंच’ या मद्याची मोठी भांडी असत. त्यांतल्या काहींवर इंग्रज चित्रकार विल्यम हॉगार्थचे ‘अ मिडनाइट मॉडर्न कॉन्व्हर्सेशन’ रंगवलेले आहे. हे छापचित्र 1733 सालचे. पहाटेचे चार वाजलेत, मेजावर पंचचे भांडे आहे आणि भोवतीची सभ्य मंडळी पिऊन लोळत आहेत. चिनी कारागिरांनी लंडनहून आलेला छाप समोर ठेवून ती रंगवली. पिणाऱ्यांवरचा तो कोरडा पिणाऱ्यांनीच विकत घेतला आणि त्यातूनच पेले भरले.

उपहासचित्रांवरून काढलेले मग आणि पिशव्या संग्रहालयांच्या दुकानांत दिसल्या की ही आजची टूम वाटते. तिचे कूळ मात्र हॉगार्थच्या हयातीतलेच आहे. तो स्वतः चांदीवर नक्षी कोरणाऱ्याकडे उमेदवारी करून शिकला होता. चित्र हे हातात घेऊन वापरायच्या वस्तूवरही असते, हे तो तिथेच शिकला असावा.

1732 मध्ये त्याने ‘अ हार्लट्स प्रोग्रेस’ ही 6 छापचित्रांची मालिका काढली. खेड्यातून लंडनला आलेली मॉल ही मुलगी फसते, वेश्याव्यवसायात पडते आणि तरुणपणीच मरते. एका गिनीचा हा संच बाराशेहून अधिक वर्गणीदारांनी घेतला. मालिकेतली दृश्ये हातपंख्यांवरही उतरली. हॉगार्थच्या घरी असे पंखे मोलकरणींना भेट देत, असे त्याचा चरित्रकार जॉन निकल्स सांगतो. शहरात काम शोधायला आलेल्या मुलींच्या हाती मॉलची गोष्ट द्यावी, यात मला त्या घराची कळकळ दिसते.

नकला करणाऱ्यांनी मात्र त्याचे फार नुकसान केले. मग त्याने पार्लमेंटकडे दाद मागितली. नव्या कायद्याने छापचित्रांच्या निर्मात्याला 14 वर्षांचा हक्क दिला. 25 जून 1735 रोजी तो अमलात येईपर्यंत हॉगार्थने ‘अ रेक्स प्रोग्रेस’ या पुढच्या मालिकेचे छाप रोखून धरले होते. तरीही चोरट्यांनी त्याच्या घरी चित्रे पाहायला माणसे धाडली आणि त्यांच्या आठवणीवरून नकला बाजारात आणल्या. हॉगार्थने मग स्वतःच्याच परवानगीने छोटी, स्वस्त आवृत्ती काढवली. गरिबाला परवडेल असा अस्सल माल देण्याची ही युक्ती मला त्या कायद्याइतकीच मोलाची वाटते.

‘हार्लट्स’ची मूळ रंगचित्रे 1755 साली बेकफर्ड घराण्याच्या फॉन्टहिल येथील घराला लागलेल्या आगीत नष्ट झाली. मॉल आज आपल्याला भेटते ती छापांमुळे. त्याच घराण्याकडची ‘रेक’ची 8 चित्रे मात्र वाचली. 1802 च्या लिलावात वास्तुविशारद जॉन सोन यांच्या पत्नी एलिझा यांनी ती 570 गिनींना घेतली. लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्समधले सोन यांचे घर आता संग्रहालय आहे, आणि ती आठही तिथे पाहता येतात.