तसू म्हणजे किती?

“तसूभरही मागें हटणार नाहीं” असें आपण मोठ्या आवेशानें म्हणतों. पण हा तसू केवढा असतो, असें कोणीं मध्येंच विचारलें, तर वक्ता बहुधा तसूभर तरी मागें हटेल. मी स्वतः गेल्या उन्हाळ्यापर्यंत हा शब्द केवळ ‘थोडें’ या अर्थीं वापरीत होतों. एका काठीनें माझें हें अज्ञान दूर केलें. तिची हकीकत वाचकांस सांगण्याजोगी आहे.

सदाशिव पेठेंतील एका स्नेह्यांचा वाडा तेव्हां पाडला जात होता. तुळया, खांब, चौकटी यांचा सौदा ठरून गेला होता. माळ्यावरील अडगळींत एक शिसवी काठी निघाली. दोन्ही टोंकांस पितळी टोपणें, आणि एका अंगास पितळेचे बारीक ठिपके ओळीनें ठोकलेले. “आजेसासऱ्यांची छडी असेल,” असें घरच्या बाई म्हणाल्या. त्यांच्या चिरंजीवांनीं ठिपक्यांमधलीं घरें मोजलीं, तीं चोवीस भरलीं, आणि “दोन फुटी पट्टी” असा निकाल त्यांनीं देऊन टाकला. चोवीस म्हटलें कीं दोन फूट, हें गणित आपल्या इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं मलाही तें पटलें. एक गोष्ट मात्र खटकत होती. येथें सहा, बारा आणि अठरा या खुणांवर दुहेरी ठिपके होते आणि सोळाव्या खुणेवर एक चांदणी कोरलेली होती. सोळाचें फुटाशीं नातें तें काय?

घरीं आणून शेजारीं पोलादी टेप धरला, तों काठी २७ इंच भरली! म्हणजे प्रत्येक घर एक इंच आणि वर इंचाचा आठवा भाग. आणि चांदणी बरोबर १८ इंचांवर, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोंकापर्यंतच्या एका हातावर. मग कोडें आपोआप सुटलें. सोळा तसूंचा हात आणि चोवीस तसूंचा गज, हें मुंबई इलाख्यांतील जुनें कोष्टक. त्यांत हात १८ इंचांचा व गज २७ इंचांचा धरीत. मोल्सवर्थच्या कोशांतही तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग असाच अर्थ दिला आहे. उत्तरेकडील बजाजाचा गज असता तर त्याचे भाग सोळा असते, कारण कापडाच्या गजाचे सोळा गिरह होतात. ही काठी सुताराच्या गजाची होती.

खातरी करून घेण्यासाठीं वाड्याचें लांकूड उतरविणाऱ्या एका वृद्ध सुतारांस ती दाखविली. त्यांनीं टोंकावर अंगठा फिरविला आणि हंसून म्हणाले, “आमी सूत धरतो, आमचा आजा तसू धरायचा. नऊ सुताचा तसू, साहेब.” इंचाच्या आठव्या भागास आजही आपले सुतार सूत म्हणतात; तेव्हां नऊ सुतें म्हणजे सवाआठ नव्हे कीं साडेनऊ नव्हे, नेमका एक तसू. कोशाला जें सांगावयास एक ओळ लागली, तें या गृहस्थांनीं बोटावर सांगितलें.

पण खरा लाभ पुढेंच झाला. वाड्याचा नकाशा काढतांना खांबांची जाडी ‘सुमारें ७ इंच’ अशी लिहिलेली मीं पाहिली होती. टेपनें मोजतां ती पावणेसात इंच निघाली. जुने कारागीर ढिसाळ, असें तेथें कोणी म्हणालेंही. गज लावला तर खांब सहा तसूंचा, एका केसाचाही फरक नाहीं. दोन खांबांमधील खण पावणेसात फूट, म्हणजे पुरते तीन गज. दाराची रुंदी साडेचाळीस इंच, म्हणजे दीड गज. इंचांत जे अपूर्णांक दिसत होते, ते गजांत सारे सरळ होते. ढिसाळपणा कारागिराचा नव्हता, आपल्या टेपचा होता. पाडलेल्या वाड्यांचीं मोजमापें गोळाबेरीज करून टिपलीं, तर त्यांची मूळ आंखणी कायमची हरवते. जाडीचा पाव इंच वाढवितांना आपण सबंध हिशेबच पुसून टाकतों.

अर्थात् सर्व गज एक नव्हते, हेंही लक्षांत ठेवावें. सभासदानें शिवकालीन जमीनमोजणीची जी काठी सांगितली आहे, तिच्यांत हात चौदा तसूंचा असून पांच हात पांच मुठी मिळून काठी ब्याऐशीं तसूंची होते. तेथें सोळा तसूंचा हात लावून चालणार नाहीं. धंद्यागणिक माप निराळें, ही तर फारच जुनी रीत. कौटिल्यानें चोवीस अंगुलांचा हात देऊन, सुतारांचा बेचाळीस अंगुलांचा किष्कु निराळा नोंदला आहे, आणि तो सैन्याचे तळ, किल्ले व राजाचीं कामें यांकरितां. अकबराचा इलाही गज एकेचाळीस अंगुलांचा होता. आपला गज हाताच्या हिशेबानें छत्तीस अंगुलांचा पडतो.

फूट आणि इंच आले तसा गज सुताराच्या पेटीतून गेला. १९५६ च्या कायद्यानें मीटर आल्यावर तर कागदोपत्रींही त्यास जागा उरली नाहीं. पुण्यांत त्याची पारख करावयास लांकूडही फारसें राहिलें नाहीं. १७३० सालीं ज्याचा पाया घातला त्या शनिवारवाड्याचें लांकूडकाम १८२८ च्या आगींत गेलें. विश्रामबागवाड्याचे सुरूच्या घाटाचे खांब मात्र उभे आहेत. पुढच्या रविवारीं ही काठी घेऊन तेथें जाण्याचा बेत आहे. दारावरचा पहारेकरी तिला शस्त्र समजून अडवीत नसेल तर.