न्हावी, खुर्ची आणि राजकारण



आमच्या घरी आजोबांच्या दुकानाचे तीन चोपडे अजून जपून ठेवलेले आहेत. लाल खारव्याची बांधणी, आत मोडी अक्षर आणि रकमा सगळ्या हाली शिक्क्यात, म्हणजे निजामाच्या रुपयांत. आम्ही सैतवाल जैन. पैनगंगेच्या अलीकडे केव्हा आलो याची नोंद नाही, पण तीन पिढ्या नेरडीगोंड्यात दुकान होते एवढे खरे. गेल्या पावसाळ्यात वाळवी लागली म्हणून ते चोपडे उन्हात टाकले आणि सहज चाळू लागलो. पाटलाचे खाते पूर्ण नावाने, बापाच्या नावासकट. कुणब्यांची खाती नावाने आणि गावाने. गोंड गिऱ्हाइकांचीसुद्धा नावे आहेत, वेडीवाकडी का होईना. आणि मग एक पान लागले, त्याच्या माथ्यावर एकच शब्द: 'न्हावी'. खाली पंधरा-सोळा वर्षांच्या नोंदी. ज्वारी, गूळ, लग्नाचे धोतर, पुन्हा ज्वारी. माणूस बहुधा मध्ये बदललाही असेल, बापाच्या जागी मुलगा आला असेल. खाते मात्र तेच चालू राहिले.

व्याख्यानमालेच्या यंदाच्या पुस्तिकेसाठी मी दुसराच विषय कबूल केला होता. तो बाजूला ठेवला. ज्याला आपल्या जुन्या घरांनी नाव दिले नाही, तो राजकारणात शिरला तेव्हा काय झाले, हे सांगावेसे वाटले.

सुरुवात फार मागून करता येते, आणि तीही आमच्याच ग्रंथांतून. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांच्या 'परिशिष्टपर्वा'त पाटलीपुत्राचा पहिला नंद राजा हा न्हाव्याचा मुलगा असल्याचे सांगितले आहे. पलीकडे कर्टियस नावाचा रोमन इतिहासकारही, अलेक्झांडरच्या स्वारीची हकीगत लिहिताना, नंदाचा बाप न्हावी होता असेच म्हणतो. दोन टोकांच्या दोन लेखकांनी एकच गोष्ट लिहावी हे लक्षात घेण्यासारखे आहे. पण दोघांचा सूर पाहा. दोघेही ही गोष्ट नंदाला कमी लेखण्यासाठी सांगतात. केवढे मोठे साम्राज्य उभे केले, ते राहिले बाजूला. (आमच्या मुनींना न्हाव्याची गरज नाही, ते केशलोच करतात, हाताने केस उपटतात. श्रावकांना मात्र होती आणि आहे.)

मराठी मुलखात न्हाव्याचे कौतुक झाले नाही असे नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला, आणि १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटावेत म्हणून त्यांचा वेष घेऊन पालखीत बसलेला शिवा काशीद, दोघेही नाभिक समाजातले मानले जातात. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत ऐकली आहे. ही थोरवी खरीच. पण ही थोरवी इमानाची आहे. राजासाठी मरणाऱ्या न्हाव्याला आपण डोक्यावर घेतो. तोच उद्या उठून 'मला मत द्या' म्हणाला तर? तिथे आपली जीभ जरा अडखळते. निदान माझ्या लहानपणी अडखळत असे.

याचे कारण बलुत्यात आहे. न्हावी वर्षभर घरोघर जाऊन हजामत करी, धोपटी काखेत मारून. लग्नात नवऱ्यामुलाची श्मश्रू, दिवटी धरणे, अंग रगडणे, सांगावा पोहोचवणे, सुतकात मुंडण, सगळे त्याच्याकडे. त्याचे दाम सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे, आणि किती मिळायचे ते देणाऱ्याच्या हाताच्या सढळपणावर. आमच्या तेलंगी बाजूला न्हाव्याला मंगली म्हणतात. तो शिवाय लग्नकार्यात सनई-डोलूही वाजवतो, म्हणजे त्याच्याशिवाय मंगल होत नाही. पण निजामाच्या राज्यात त्याच्यावर वेठही होती. देशमुखाच्या, दोराच्या वाड्यावर रात्री पाय चेपायला फुकट जायचे. नाही म्हणायची सोय नव्हती. ज्याचे धान्य दुसऱ्याच्या खळ्यावर आहे, तो त्या दुसऱ्याच्या विरुद्ध बोलणार कसा? गावातल्या प्रत्येक घराचे आतले त्याला ठाऊक. कोण कर्जात आहे, कोणाचे भावाशी पटत नाही, कोणाच्या पाठीवर कसला फोड आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर निवडणूक लढवायला याच्याइतका माहितगार दुसरा नाही. आणि तरी तोच सर्वांत गप्प.

फोडांवरून आठवले. आम्हा वैद्यकवाल्यांनी न्हाव्याकडे नाक वर करून पाहू नये. गळू फोडणे, जळवा लावणे ही कामे गावोगाव त्याचीच होती, आणि बाळंतपणाला मंगलीण येई. लंडनमध्ये तर १५४० ते १७४५ अशी दोनशे वर्षे न्हावी आणि शल्यचिकित्सक एकाच मंडळात होते. रक्त काढण्याच्या त्या उपचारावर आमचे हानेमान फार चिडत, ते वेगळे.

आता थोडे दूर जाऊ. अमेरिकेत न्हावी राजकारणात फार लवकर आले, आणि त्यांतले गाजलेले कृष्णवर्णीय होते. जोसेफ रेनी याचा जन्म १८३२ चा, साउथ कॅरोलिनातल्या जॉर्जटाउनचा, गुलाम म्हणून. बाप न्हावी. मालकाने त्याला धंदा करू दिला आणि कमाईचा काही वाटा ठेवू दिला. त्या पैशातून त्याने आपली आणि कुटुंबाची मुक्तता विकत घेतली. मुलगाही न्हावीच झाला. यादवी युद्धात त्याला बळजबरीने तटबंदीच्या कामाला जुंपले, तेव्हा तो बायकोसह बर्म्युडा बेटावर पळाला आणि तिथे पुन्हा वस्तरा हाती धरला. युद्ध संपल्यावर परतला आणि १८७० च्या डिसेंबरात अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात शपथ घेणारा पहिला कृष्णवर्णीय सभासद ठरला. १८७९ पर्यंत तो तिथे होता. मध्ये एकदा त्याने सभागृहाचे अध्यक्षस्थानही सांभाळले.

दुसरा जॉर्ज मायर्स. क्लीव्हलँड शहरातल्या हॉलंडेन हॉटेलात त्याचे केशकर्तनालय होते, गिऱ्हाईक सारे गोरे, बडे पुढारी आणि व्यापारी. मार्क हॅना हा मॅकिन्लीला राष्ट्राध्यक्ष करणारा राजकारणी त्याचा जवळचा. १८९६ च्या पक्ष-अधिवेशनात मायर्स प्रतिनिधी होता आणि कृष्णवर्णीय प्रतिनिधींची मते मॅकिन्लीकडे वळवण्यात त्याचा हात होता. सरकारी पदे देऊ केली ती त्याने घेतली नाहीत, दुकानात कमाई बरी होती. पण याचा शेवट ऐका. १९३० मध्ये तो धंद्यातून निवृत्त व्हायला निघाला तेव्हा हॉटेलवाल्यांनी कळवले की त्याच्या मागे तिथे गोरे न्हावी नेमणार. ही बातमी आपल्या कारागिरांना देण्याची पाळी त्याच्यावर आली, आणि त्याच दिवशी तो हृदय बंद पडून गेला.

या दोघांकडे आपल्या न्हाव्याकडे नव्हते असे काय होते? हुशारी नव्हे, ती इकडेही होती. त्यांना दुकान होते आणि रोकड होती. गिऱ्हाईक त्यांच्याकडे येई. ते गिऱ्हाइकाच्या ओट्यावर जात नसत. मायर्सलाही गोऱ्यांच्या मर्जीने चालावे लागले हे खरे, तरी महिनाअखेर हातात नाणे पडे. बलुत्याच्या ज्वारीवर निवडणूक लढवता येत नाही.

म्हणून आपल्याकडे न्हाव्याचे पहिले राजकारण मत मागण्याचे झाले नाही, नकार देण्याचे झाले. आणि ते मुंबईत झाले, जिथे रोकड होती. १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून ठरवले की विधवांच्या डोक्यावर वस्तरा फिरवायचा नाही. पुढाकार नारायण मेघाजी लोखंडे यांचा, सत्यशोधक समाजाचे, गिरणी कामगारांची संघटना बांधणारे आणि 'दीनबंधू' चालवणारे. विधवेचे केशवपन थांबावे म्हणून सुधारक मंडळी व्याख्याने देत होती, लेख लिहीत होती. न्हाव्यांनी हत्यार खाली ठेवले. शास्त्रार्थाची गरजच उरली नाही. ज्यांच्या हातून हे काम होत होते त्यांनाच कोणी आजवर विचारले नव्हते. मला हा संप आपल्या सामाजिक इतिहासातला सर्वांत सुंदर संप वाटतो, कारण त्यात संप करणाऱ्यांनी स्वतःसाठी काहीच मागितले नाही.

आणि आता माथेरान. डोंगरावरचे हे गाव १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याच्या नजरेत आले, १९०७ मध्ये नेरळहून छोटी आगगाडी वर गेली. हंगामात इंग्रज, पारशी, गुजराती शेठ येत. तिथे १ डिसेंबर १९१२ रोजी एका न्हाव्याच्या घरी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. पुढे लोक त्यांना भाई कोतवाल म्हणू लागले. माझा तर्क असा की हे माथेरानीच घडू शकले. तिथे खळे नव्हते, बलुते नव्हते, पाहुण्याने हजामतीचे पैसे रोख मोजायचे. मुलगा शिकला, वकिलीची पदवी घेतली.

वकील झाल्यावर पुण्या-मुंबईत बिऱ्हाड थाटता आले असते. ते माथेरानला परतले, नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले आणि उपाध्यक्ष झाले. ज्या गावात बापजाद्यांनी धोपटी वागवली, तिथल्या पालिकेच्या खुर्चीवर बसणे काय असेल, याची कल्पना करून पाहा. खाली कर्जत भागातल्या कातकरी, ठाकर आणि कुळांच्या पोरांसाठी त्यांनी शाळा काढल्या. पावसाळ्याच्या तोंडाला सावकार धान्य देऊन सुगीला दीडपट-दुप्पट उकळत, त्यावर उपाय म्हणून धान्यकोठ्या उभारल्या. माझे आजोबाही पावसाळ्यात ज्वारी उधार देत. दर काय होता, तो चोपड्यात आहे. तो इथे लिहीत नाही.

१९४२ चा ऑगस्ट आला. 'चले जाव'ची हाक झाली आणि कोतवाल भूमिगत झाले. त्यांनी 'आझाद दस्ता' उभा केला, त्यात शेतकरी होते, आदिवासी होते, शिकलेली पोरे होती. भिवपुरी-खोपोलीच्या वीजकेंद्रांच्या त्या मुलखातून मुंबईकडे उच्च दाबाच्या तारा जात. त्यांचे पोलादी मनोरे या लोकांनी रात्री करवतींनी कापून पाडायला सुरुवात केली. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला झटका बसला. सरकारने त्यांच्यावर बक्षीस लावले. शेवटी ठावठिकाणा फुटला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाडजवळच्या सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी वेढा घातला, आणि गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी गोमाजी पाटील हे दोघे पडले. कोतवाल तिशीत होते. सिद्धगडावर दर वर्षी २ जानेवारीला लोक जमतात.

जिवा महाला राजासाठी लढला. कोतवालांना राजा नव्हता. हा फरक मला फार मोठा वाटतो, आणि तरीही आपल्या भागात, जिथे बेचाळीसच्या गोष्टी सगळ्या पाठ आहेत, हे नाव विचारले तर दहांतले आठ जण मान हलवतात.

त्याच बेचाळीसच्या चळवळीत बिहारात एक न्हाव्याचा मुलगा तुरुंगात गेला होता, कर्पूरी ठाकूर. १९५२ मध्ये आमदार, १९७० आणि १९७७ मध्ये मुख्यमंत्री. १९७८ मध्ये त्यांनी नोकऱ्यांत २६ टक्के जागा राखल्या तेव्हा झालेली शिवीगाळ वर्तमानपत्रांतून आम्हीही वाचली होती, तिच्यात वस्तऱ्याचा उल्लेख हटकून असे. २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. ते ज्या पाटण्यातून राज्य करत, तेच नंदाचे पाटलीपुत्र. सव्वादोन हजार वर्षांनी तोच टोमणा त्याच शहरात!

मी केस कापायला जातो ते दुकान हमरस्त्यावर आहे, नागपूर-हैदराबाद मार्गाला लागून. चालवणारा चाळिशीचा, तेलुगू, मराठी, दखनी तिन्ही सरसकट बोलतो. मी त्याला अरे-तुरे करतो, तो मला डाक्टरसाब म्हणतो. तो माझ्या मुलाच्या वयाचा आहे, पण कारण तेवढेच असेल असे छातीठोक सांगवत नाही. त्याला मी चोपड्यातले ते पान दाखवले. मोडी त्याला येत नाही, मी वाचून दाखवले. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग आपल्या आजाचे आणि पणज्याचे नाव सांगितले. मी पेन्सिलीने त्या पानाच्या समासात लिहून घेतले. छापू का, विचारले, तर नको म्हणाला.

मग त्याला भाई कोतवालांची हकीगत सांगितली, मनोरे कापल्याची. त्याने कात्री थांबवून नीट ऐकली. तेलंगण सरकार २०२१ पासून केशकर्तनालयांना महिना २५० युनिट वीज फुकट देते, ते त्याच्या डोक्यात असणार. वर पंख्याकडे पाहून म्हणाला, "डाक्टरसाब, त्यांनी लाइन तोडली अन् आम्हाला फुकट करंट." आणि हसला. मग आरसा माझ्या मानेमागे धरून विचारले, "मागं बारीक करू का अजून?"