दिनविशेष : ३० सप्टेंबर
१९९३ – किल्लारीचा भूकंप

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद (आताचे धाराशिव) सीमेवरील किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे कोसळली. तीव्रता ६.२. जवळपास दहा हजार माणसे गेली, बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंतींखाली. आदल्या वर्षीही किल्लारीला हादरे बसले होते, पण दख्खनचा कातळ अढळ, हाच तेव्हाचा समज.

शेतात जमीन उचलली गेल्याची खूण उरली. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल वेधछिद्र घेतले. काळ्या पाषाणाचा थर ३३८ मीटरवरच संपला! त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक.

अशा भूकंपांमागची भूकवचाची हालचाल मोजायची तर कातळात घट्ट बसवलेल्या खुंटीवर जीपीएसचा अँटेना ठेवतात आणि उपग्रहांच्या संदेशांवरून तिची जागा मिलिमीटरपर्यंत काढतात. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो, म्हणजे लातूर आणि नांदेडही सरकतात. पण शोधायचा असतो तो दोन खुंट्यांमधला फरक, आणि इथे तो इतका किरकोळ की वर्षानुवर्षे नोंदी घेतल्याशिवाय हाती काही लागत नाही. तिथे घाई करून चालत नाही.

किल्लारीनंतर नांदेड शहरानेही २००७ च्या सुमारास जमिनीखालचे गूढ आवाज आणि लहान धक्क्यांची मालिका अनुभवली. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली, परभणी, नांदेड पुन्हा हादरले. तीव्रता ४.५. लोक घराबाहेर धावले.