छायाचित्राची लिपी

भाषा आणि लिपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सोलापुरात राहणाऱ्या माणसाला भाषाशास्त्राच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही. शहराच्या पूर्व भागात विणकरांच्या घरी तेलुगू बोलली जाते. पण मराठी माध्यमात शिकलेल्या नातवाला आजोबांचे तेलुगू पत्र वाचता येत नाही. पत्र कोणी वाचून दाखवले तर मात्र त्यातले सारे समजते. कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतही असे अनुभव येतात. भाषा घरचीच असते, अडते ते लिपीपाशी. संगणकाच्या पडद्यावर ‘या फाइलचा प्रकार चालत नाही’ अशी सूचना येते तेव्हा वस्तुतः हेच घडत असते. छायाचित्र शाबूत असते. ते ज्या लिपीत लिहिले आहे ती समोरच्या यंत्राला येत नसते. प्रस्तुत लेखात या अडचणीचा थोडा इतिहास मांडावा असा विचार आहे.

निमित्त एका वहीचे. काही वर्षांपूर्वी आमच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी मोहोळ तालुक्यातील एका गावी गेले होते. तेथे एका घरात जात्यावरच्या ओव्यांची हस्तलिखित वही मिळाली. वही बाहेर नेऊ देण्यास घरच्यांचा नकार होता, तो रास्तच होता. म्हणून एका विद्यार्थिनीने आपल्या फोनवर तिच्या त्रेचाळीस पानांची छायाचित्रे घेतली. महाविद्यालयात आल्यावर ती विभागातल्या संगणकावर उतरवली, तर एकही उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावापुढे ‘एचइआयसी’ अशी अक्षरे होती. कोणी तरी ती अक्षरे पुसून ‘जेपीजी’ लिहिली. तरीही फाइल उघडली नाही. आणखी एकाने सुचवले, की पुन्हा गावी जाऊन दुसऱ्या फोनवर चित्रे घ्यावीत. आम्ही दोन महिन्यांनी गेलो, तोवर पावसाळा होऊन गेला होता. घराची एक भिंत खचली होती आणि भिंतीतल्या कोनाड्याबरोबर वहीही गेली होती. आता त्या न उघडणाऱ्या त्रेचाळीस फाइली हीच वहीची एकमेव प्रत होती.

नाव बदलून फाइल का उघडत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. नावापुढची तीन-चार अक्षरे म्हणजे पुस्तकाच्या पाठकण्यावर चिकटवलेली चिठ्ठी होय. कन्नड पुस्तकावर ‘मराठी’ अशी चिठ्ठी लावल्याने आतला मजकूर मराठी होत नाही. फाइलची खरी ओळख तिच्या आरंभीच्या काही बाइटांत असते. जेपेग फाइलचा प्रारंभ ‘एफएफ’ आणि ‘डी८’ या दोन बाइटांनी होतो. पीएनजीच्या दुसऱ्या ते चौथ्या बाइटांत ‘पीएनजी’ ही अक्षरेच असतात. आणि एचइआयसी फाइलमध्ये पाचव्या बाइटापासून ‘एफटीवायपी’ व त्यापुढे बहुधा ‘एचइआयसी’ अशी नोंद सापडते. मंगलाचरणावरून ग्रंथाचा संप्रदाय ओळखावा, तसा हा प्रकार आहे.

चित्राला लिपी असते ही कल्पना संगणकाच्या पुष्कळ आधीची आहे, आणि सोलापूरला ती परकी नाही. सोलापुरी चादरीवरील नक्षी जॅकार्डावर विणली जाते. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील लिओंच्या जोसेफ मारी जॅकार्डने सिद्ध केलेल्या या यंत्रात चित्र पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकांच्या रूपाने लिहिलेले असते. जेथे भोक आहे तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, जेथे नाही तेथे तो खालीच राहतो. बाण्याच्या एकेका फेकीला एकेक कार्ड, आणि कार्डे एकमेकांना ओवून केलेली लांब माळ, म्हणजे एक नक्षी. १८३९ साली लिओंमध्ये खुद्द जॅकार्डचे रेशमी चित्र विणले गेले, त्यासाठी सुमारे २४,००० कार्डे लागली होती. गणनयंत्राचा आराखडा करणाऱ्या चार्ल्स बॅबेजने त्याची एक प्रत मिळवून जपली होती. आता येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एका जॅकार्डाच्या मापाने टोचलेली कार्डे वेगळ्या मापाच्या, वेगळ्या हुकसंख्येच्या जॅकार्डावर चालत नाहीत. मोर तोच, वेल तीच. पण कार्ड बसत नाही. ‘प्रकार चालत नाही’ ही तक्रार अशी मागाइतकी जुनी आहे.

छायाचित्रणाच्या इतिहासात याच प्रश्नाला आणखी एक पदर येऊन मिळतो, तो मालकीचा. १८३९ मध्ये जाहीर झालेल्या डागेरोटाइप पद्धतीत धातूच्या पत्र्यावर एकच चित्र उमटे, त्याची प्रत काढता येत नसे. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटच्या कॅलोटाइप पद्धतीत कागदी निगेटिव्हवरून अनेक प्रती निघत. परंतु १८४१ साली त्याने तिचे इंग्लंडमध्ये पेटंट घेतले आणि तिचा प्रसार त्यामुळे रोखला गेला. पुढे १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवरील कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि तिच्यावर कोणताही हक्क सांगितला नाही. ती झपाट्याने सर्वत्र पसरली; स्वतः आर्चर मात्र १८५७ मध्ये निर्धन अवस्थेत वारला. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या आरंभीच्या मंडळींत होते, ते याच घडामोडींच्या काळात. कोणती पद्धत टिकली, हे केवळ तिच्या गुणांवर ठरले नाही. ती वापरण्यास कोणाची परवानगी लागते, यावरही ठरले.

संगणकयुगात हाच इतिहास निराळ्या पोशाखात पुन्हा अवतरला. १९८७ मध्ये आलेल्या ‘जीआयएफ’ या प्रकारात वापरलेल्या संक्षेपपद्धतीवर युनिसिस कंपनीचे पेटंट होते. १९९४ च्या अखेरीस तिच्या वापरासाठी शुल्क मागितले जाऊ लागले, तेव्हा संगणकतज्ज्ञांच्या एका गटाने मुक्त पर्याय म्हणून ‘पीएनजी’ची रचना केली, १९९६ मध्ये तिला मान्यता मिळाली. तत्पूर्वी १९८६ साली छायाचित्रांसाठी एक समाईक प्रमाण ठरवण्याकरिता तज्ज्ञांची समिती नेमली गेली होती. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे म्हणजेच ‘जेपेग’. १९९२ मध्ये तिचे प्रमाण मान्य झाले.

जेपेगच्या मुळाशी जे गणित आहे त्याचा प्रमुख जनक बंगळूरमध्ये जन्मलेला आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. नासिर अहमद यांनी अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात असताना या संशोधनासाठी अनुदान मागितले होते, ते नाकारले गेले. तरीही टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी १९७४ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. जेपेगमध्ये चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोन चौसष्ट लहानमोठ्या लहरींच्या बेरजेने व्यक्त करतात आणि ज्या बारीक लहरी डोळ्याला सहसा जाणवत नाहीत त्या स्थूल करतात किंवा गाळून टाकतात. जेपेग म्हणजे अशा रीतीने केलेला चित्राचा सारांश होय. सारांश चांगला असला तरी त्यात गाळलेले परत मिळत नाही, हे साहित्याच्या विद्यार्थ्यास वेगळे सांगायला नको. वहीच्या संदर्भात या मुद्द्याकडे पुन्हा यावे लागेल.

‘एचइआयसी’ हे या घराण्यातील धाकटे अपत्य. त्याचे मूळ प्रमाण २०१५ मध्ये तयार झाले आणि २०१७ मध्ये अ‍ॅपलने आपल्या फोनसाठी ते स्वीकारले. तशाच दर्जाचे चित्र जेपेगच्या साधारण निम्म्या जागेत मावते, हा त्याचा लाभ. मात्र त्याच्या आत चलच्चित्रांसाठी बनवलेली संक्षेपपद्धती आहे आणि तिच्यावर अनेक कंपन्यांची पेटंटे आहेत. त्यामुळे अनेक प्रणालींनी व न्याहाळकांनी ती आपल्याकडे घेण्यास टाळाटाळ केली. अँड्रॉइडमध्ये तिची सोय २०१८ च्या नवव्या आवृत्तीपासून झाली. विंडोजवर तिच्यासाठी स्वतंत्र जोडणी उतरवून घ्यावी लागते, असा अनुभव अनेकांना आला. गूगलने २०१० मध्ये आणलेल्या ‘वेबपी’ची कथाही फार वेगळी नाही, अ‍ॅपलच्या सफारीने त्याला आत घेतले ते २०२० मध्ये. तेव्हा ‘प्रकार चालत नाही’ हे वाक्य वरवर तांत्रिक दिसले, तरी त्याच्या पोटात करारमदार आणि न झालेले समझोते दडलेले असतात.

त्यांचा भुर्दंड कोणी भरावा? मे २०२० मध्ये साथीच्या काळात अमेरिकेतील कॉलेज बोर्डाने ‘एपी’ परीक्षा घरबसल्या घेतल्या. कागदावर लिहिलेल्या उत्तरांचे छायाचित्र विद्यार्थ्यांनी पाठवायचे होते. काहींची चित्रे एचइआयसी असल्याने ती स्वीकारलीच गेली नाहीत आणि त्यांच्यापुढे पुनर्परीक्षेचा पर्याय उरला. आपल्याकडे शिष्यवृत्तीचा वा भरतीचा अर्ज भरताना शेवटच्या दिवशी छायाचित्र अडते, तेव्हा खेड्यातून आलेल्या मुलाला वाटते की चूक आपलीच झाली. ती त्याची नसते. एवढे त्याला कोणी सांगितले तरी त्याचे निम्मे ओझे उतरेल.

उरलेले निम्मे उतरवण्याचे उपाय फार अवघड नाहीत. फाइलचे नाव बदलू नये, तिचा प्रकार बदलावा. आणि हे काम ती जेथे उघडते तेथे करावे. ज्या फोनवर चित्र दिसते तेथूनच ते जेपेग म्हणून निर्यात करावे, अथवा संगणकावर आवश्यक जोडणी घेऊन ‘सेव्ह अ‍ॅज’ने दुसऱ्या प्रकारात उतरवावे. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेऱ्याखाली ‘फॉरमॅट्स’ आहे. तेथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडल्यास पुढची चित्रे जेपेगमध्ये येतात. आधी घेतलेली मात्र आहेत तशीच राहतात. अर्जाच्या वेळी प्रकाराबरोबर आकारमानाची अटही पाहावी, कारण दोन्हींचा नकार पुष्कळदा एकाच संदिग्ध वाक्यात दिला जातो. कधी छपाईसाठी चार रंगांत साठवलेले जेपेगही अडते. ते पडद्याच्या तीन रंगांत बदलून घ्यावे. फाइल शून्य बाइटांची वा अर्धवट उतरलेली असेल, तर दोष प्रकाराचा नसून नकलेचा आहे; मुळातून पुन्हा नक्कल करावी. आणि फुकट रूपांतर करून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावर जातीचा दाखला, गुणपत्रिका असली कागदपत्रे चढवू नयेत. सर्वांत महत्त्वाचे हे, की रूपांतर झाले तरी मूळ फाइल पुसू नये.

हा शेवटचा मुद्दा आम्ही वहीपासून शिकलो. आमच्या त्रेचाळीस फाइली अखेर त्याच विद्यार्थिनीच्या फोनवरून उघडल्या आणि पीएनजीमध्ये उतरवल्या गेल्या. दरम्यान तिने त्यांतली काही पाने मैत्रिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या रीतीने पाठवली होती. ती वाटेत जेपेग होऊन आणि आकसून पोहोचली होती, म्हणूनच सर्वत्र उघडत होती. प्रारंभी आम्ही त्यांवरूनच ओव्या उतरवून घेतल्या. पुढे मूळ चित्रे हाती आल्यावर दोन्ही शेजारी ठेवली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. वहीच्या समासात फिक्या शिसपेन्सिलीने जागोजागी काही लिहिलेले होते. आकसलेल्या चित्रात ते कागदावरचे मळकट डाग वाटत होते. मूळ चित्रात ती नावे होती: अमुक ओवी आईकडून, अमुक थोरल्या जावेकडून, अमुक माहेरच्या शेजारणीकडून. म्हणजे ती वही नुसता ओव्यांचा संग्रह नव्हती. कोणती ओवी कोणत्या मुखातून आली याची परंपरा एका बाईने स्वतः नोंदवून ठेवली होती. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला जी माहिती संग्रहांत शोधूनही बहुधा सापडत नाही, ती येथे समासात होती. आणि संक्षेप करणाऱ्या गणिताने ती ‘डोळ्याला न जाणवणारी’ ठरवून गाळली होती.

पाठचिकित्सेत आपण नकलकाराच्या प्रमादांची चर्चा करतो. अक्षर गाळणे, ओळ गाळणे, समासातले संहितेत आणि संहितेतले समासात जाणे, हे सारे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. आता नकलकार यंत्र आहे आणि त्याचेही प्रमाद आहेत. जी प्रत सर्वत्र उघडते ती सर्वांत विश्वसनीय असतेच असे नाही. जी उघडत नाही तिच्यात कदाचित अधिक जुना, अधिक पूर्ण पाठ असू शकेल. मोडीतील कागद वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत गेल्याच्या कहाण्या आपण हळहळत सांगतो. न उघडणारी फाइल पुसून टाकताना आपला हातही तेच करत असतो.

असो. त्या घरी आम्ही त्रेचाळीस पानांची छापील प्रत बांधून नेऊन दिली. समासातली नावे घरातल्या वृद्ध बाईंना वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी त्यांपैकी दोघींची गावे सांगितली. ती आम्ही प्रतीच्या समासात पेन्सिलीनेच लिहिली.